जुनी मोटार घेताय? आधी वायरिंग पाहा!



उसाची पहिली उचल खात्यावर जमा झाली की आपल्या कार्यक्षेत्रात जुन्या मोटारींचे व्यवहार जोरात सुरू होतात. नव्या गाडीची किंमत ऐकून छातीत धस्स होते. पण घरात म्हातारे आईवडील आहेत, दवाखान्याच्या फेऱ्या आहेत, लग्नसराई आहे, नरसोबाची वाडी आहे. पाच माणसांना मोटारसायकलवरून नेता येत नाही. मग कोल्हापूर-सांगलीच्या बाजारात नाहीतर पाहुण्यांच्या ओळखीने दहा-बारा वर्षे वापरलेली गाडी पाहायची, विसार द्यायचा आणि गुलाल लावून दारात आणून उभी करायची. यात गैर काहीच नाही. जपून घेतलेली जुनी गाडी पुढे दहा वर्षे नेटाने चालते.

आमचे म्हणणे एवढेच आहे की गाडी पाहायला गेलेली चार शहाणी माणसे नेमके काय पाहतात? टायर पाहतात, रंगावर बोट फिरवतात, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकतात, सायलेन्सरचा धूर पाहतात, ॲव्हरेज विचारतात. वायरिंगकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. 'सेल्फ मारला की चालू होते' एवढ्यावर विजेची परीक्षा संपते. इंजिन बसले तर खर्चात पडावे लागेल, पण माणसे घरी येतील. वायरिंगने पेट घेतला तर मात्र गाडीत बसलेल्यांना दार उघडून बाहेर पडायला फार थोडा वेळ मिळतो, आणि मागच्या सीटवर लहान मुले असतात.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही कारखान्याच्या वाहन विभागातील वायरमनना सोबत घेतले आणि वजनकाट्याजवळ उभ्या असलेल्या सभासदांच्या काही गाड्यांची बोनेटे त्यांच्या परवानगीने उघडून पाहिली. एका गाडीत बॅटरीच्या एकाच टोकाला सात वायरी बांधलेल्या होत्या. हॉर्न, टेप, मागचा मोठा स्पीकर, धुक्याचे दिवे, देवाच्या तसबिरीभोवतीची रंगीत माळ, मोबाइलचा चार्जर, आणि एक वायर कशाची ते मालकालाही ठाऊक नव्हते. वायरमन म्हणाले, "आबा, कंपनीनं दिलेली वायर अजून ठणठणीत हाय बगा. मागनं लोकांनी जी जोडल्याती, त्येच एक दिवस पेटणार." या एका वाक्यात जुन्या गाडीच्या आगीचे अर्धे कारण आले. उरलेले अर्धे आम्ही सांगतो.

बारा व्होल्टचा गैरसमज

विहिरीवरच्या स्टार्टरला ओल्या हाताने शिवायची कोणाची छाती होत नाही, कारण तिथे ४१५ व्होल्टचा दाब असतो. मोटारीची बॅटरी पडली १२ व्होल्टची. हात लावला तरी मुंगीही चावत नाही. त्यामुळे ही वीज म्हणजे खेळणे, असा समज होऊन बसला आहे. पण झटका बसतो तो दाबामुळे, आणि वायर तापते ती प्रवाहामुळे. पाच अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर चालताना साधारण सात-साडेसात अँपिअर प्रवाह घेते. त्या मानाने लहानशा मोटारगाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना शंभराच्या वर अँपिअर खेचतो! आणि बॅटरीची दोन टोके चुकून लोखंडाने जोडली गेली, तर काही शे अँपिअर एका क्षणात वाहतात. पाना टर्मिनलवर आडवा पडला तर जागीच चिकटतो, लाल होतो. म्हणून जाणता मेकॅनिक बॅटरीला हात घालण्यापूर्वी बोटातली अंगठी आणि मनगटातले कडे काढून ठेवतो. आपल्या तरुण मंडळींनी एवढे तरी त्याच्याकडून शिकावे.

प्रवाह दुप्पट झाला की वायरीत तयार होणारी उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. सगळा घोळ इथेच आहे. उदाहरण घ्या. पुढच्या दिव्याचा कंपनीचा बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. दोन दिवे मिळून मोठ्या उजेडाला १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. कंपनीने वायर आणि स्विच त्या हिशेबाने घातलेले असतात. आता पूर्वीच्या मालकाने उजेड कमी वाटतो म्हणून दुकानातून १०० वॅटचे बल्ब आणून बसवले. प्रवाह झाला जवळजवळ १७ अँपिअर. वायर तीच, तिच्यातली उष्णता मात्र पावणेतीन पटीच्या घरात गेली. स्टिअरिंगखालचा स्विच तापू लागतो, बल्बमागचे प्लॅस्टिकचे होल्डर तपकिरी पडून ठिसूळ होते. तासभर रात्रीचा प्रवास केला की गाडीत करपट वास येतो. "हीटर चालू राहिला असंल" म्हणून काच खाली केली जाते आणि विषय संपतो.

उजेड खरोखर कमी असेल तर आधी दिव्याची काच पिवळी पडली आहे का, आतला आरसा काळवंडला आहे का, आणि दिव्याची अर्थिंगची वायर गंजली आहे का, हे पाहावे. बहुतेक वेळा दुखणे इथे सापडते. बल्ब ६०/५५ चाच ठेवावा, कायद्यालाही तोच मान्य आहे.

फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

हा प्रश्न आम्ही त्या दिवशी दहा जणांना विचारला. 'टेपचे', 'हॉर्नचे', 'दिव्याचे' अशी उत्तरे आली. फ्यूज रक्षण करतो ते वायरीचे. टेप जळला तर नवा घेता येतो. वायर जळली तर ती शेजारच्या दहा वायरींना, गालिच्याला आणि सीटच्या फोमला घेऊन जळते.

कारखान्याच्या गव्हाणीत ऊस एकदम जास्त पडला की कॅरियरची मोटर ट्रिप होते. आवारात नंबर लावून बसलेली मंडळी चार शिव्या हासडतात, पण त्या ट्रिप होण्यामुळेच मोटरचे वाइंडिंग वाचते. फ्यूजचे काम तेच. तो जातो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. आपण मात्र काय करतो? डी.पी.वर फ्यूज गेला की किटकॅटमध्ये जाड तार घालायची आपल्याला जुनी सवय. तीच सवय मोटारीत येते. १० चा फ्यूज गेला की हाताशी असेल तो ३० चा ठोकायचा, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची. मोटारीच्या पात्याच्या फ्यूजवर आकडा लिहिलेला असतो आणि रंगही ठरलेले असतात: १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर कोणत्या घरात कितीचा, हे छापलेले असते. गाडी पाहायला गेलात की झाकण काढा आणि घर न् घर ताडून पाहा. १० च्या जागी ३० दिसला, तर समजावे की या गाडीत पूर्वी कुठेतरी शॉर्ट होत होते आणि मालकाने ते शोधण्याऐवजी राखणदारच हाकलून लावला. तारेचा तुकडा दिसला तर पुढचे बोलणेच नको.

दुसरी गोष्ट फ्यूज कुठे असावा ही, आणि हिच्याकडे तर चांगले चांगले रेडिओ-टेपवालेही लक्ष देत नाहीत. आपल्या उपसा योजनेचा विचार करा. जॅकवेलपासून रानापर्यंत दोन हजार फूट पाइपलाइन आहे. तुमचा व्हॉल्व्ह रानाच्या टोकाला बसवला, आणि पाइप मध्येच ओढ्यात फुटला, तर टोकाचा व्हॉल्व्ह बंद करून काय उपयोग? पाणी ओढ्यातून वाहतच राहणार. बंद करायचे साधन उगमाशी हवे. मोटारीत उगम म्हणजे बॅटरी. डिकीतल्या मोठ्या स्पीकरसाठी बॅटरीपासून गालिच्याखालून जी जाड वायर मागे नेतात, तिला पुष्कळदा फ्यूज असतो तो डिकीतल्या ॲम्प्लिफायरजवळ. मधली दहा-बारा फूट वायर उघडी पडली! ती सीटच्या लोखंडी पट्टीखाली चेंगरली, किंवा बोनेटमधून आत येताना पत्र्याच्या धारेवर घासून सोलली गेली, तर मागचा फ्यूज जागचा हलणार नाही आणि बॅटरी आपली सगळी ताकद त्या ठिकाणी ओतेल. म्हणून बॅटरीपासून वीत-दीड वीत अंतरातच फ्यूज पाहिजे, आणि पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबराची कडी पाहिजे. ही कडी दहा-वीस रुपयांची असते. ती नसल्यामुळे अख्खी गाडी जाऊ शकते.

बाहेरून जोडलेल्या वस्तूंचा विषय निघाला म्हणून एक जुनी हकिकत. २०१० साली टाटांच्या नॅनो गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या सगळीकडे गाजल्या होत्या. कंपनीने तपास करून सांगितले होते की मूळ रचनेत दोष नाही, काही गाड्यांत बाहेरून बसवलेली विजेची उपकरणे तर काहींत सायलेन्सरच्या भागावर अडकलेली परकी वस्तू आढळली. तरीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने विजेच्या आणि सायलेन्सरच्या भागाला जादा संरक्षण फुकट बसवून देण्याचे जाहीर केले. दोष कोणाचा यावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. आमच्या मते त्या दोन्ही गोष्टी जुन्या गाडीच्या ग्राहकाने आजही तपासाव्यात. खाली वाकून सायलेन्सरला गुंडाळलेले पाचट, पोत्याचा तुकडा किंवा प्लॅस्टिकची पिशवी आहे का ते पाहायला पैसे पडत नाहीत. आपल्या गाड्या तोडीच्या फडाशेजारी वाळल्या पाचटावर उभ्या राहतात, आणि पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा डबा चालून आल्यावर कित्येक शे अंश तापलेला असतो. गाडी पाचटावर लावू नये.

फ्यूजलाही न सापडणारा दोष

एवढे वाचून कोणी म्हणेल, फ्यूज बरोबर घातले की झाले. तसे नाही. वायरीचा जोड ढिला असेल किंवा गंजला असेल, तर प्रवाह वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. फ्यूजला काही कळत नाही. पण त्या एका जोडात उष्णता कोंडते. मोटरपंपाच्या स्टार्टरमधला कॉन्टॅक्ट ढिला झाला की काळा पडून वितळतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मोटारीत हेच टेप गुंडाळलेल्या जोडात घडते. उन्हाळ्यात काळ्या टेपचा डिंक पातळ होऊन टेप सुटतो, आणि नुसती पीळ मारलेली तार हादऱ्यांनी सैल होते.

आणि इथेच पुराच्या गाड्यांचा प्रश्न येतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत कृष्णा-पंचगंगाकाठच्या कितीतरी मोटारी पाण्यात बुडाल्या. त्या सगळ्या भंगारात गेल्या असे कोणी समजू नये. विमा कंपनीने पूर्ण नुकसान म्हणून सोडलेली गाडीही लिलावात विकली जाते, धुऊन-पुसून, सीट बदलून पुन्हा बाजारात येते, आणि ती आपल्याच भागात येईल असे नाही. इकडची गाडी तिकडे जाते आणि तिकडची इकडे येते. इंजिन खोलून साफ करता येते. पण वायरीच्या आत शिरलेला गाळमिश्रित ओलावा कोणी काढत नाही. तांबे आतून हिरवे पडत जाते. वर्ष-दोन वर्षांनी दिवे मिणमिणू लागतात, काच खाली-वर करायचे बटन अडते, रिले कारण नसताना टकटक वाजतात.

ओळखायचे कसे? पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या भागावर गाळाचा पट्टा किंवा पाण्याची रेघ दिसली तर तो साक्षीदार खोटे बोलत नाही. सीट ज्या लोखंडी पट्टीवर सरकते तिचे स्क्रू गंजलेत का पाहा. गालिचा कोपऱ्यातून उचलून खाली बारीक माती आहे का ते पाहा. स्टेपनीची खोबण पाहा. गाडीच्या काचा बंद करून दहा मिनिटे उन्हात बसा, कुबट वास दडत नाही. अत्तराच्या दोन-दोन बाटल्या टांगलेल्या असतील तर वास जास्त लक्ष देऊन घ्या! शेवटी डॅशबोर्डाखाली हात घालून एखादा जोड सोडवा. पितळी टोकांवर हिरवा काट असेल तर हात जोडून परत फिरा. किंमत कितीही पाडून मिळो, अशी गाडी घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

उंदरांचे एक सांगायचे राहिले. ऊस तुटला की फडातले उंदीर गोठ्याकडे आणि शेडकडे धावतात. उभ्या मोटारीचे बोनेट त्यांना बाळंतपणाला फार सोयीचे पडते. ऊब मिळते आणि पाचट-कापूस नेऊन घरटे करता येते. ते वायरीचे कवच कुरतडतात, आणि त्याच उघड्या तारेजवळ वाळले घरटे रचून ठेवतात. काडेपेटी आणि सरपण एका जागी! तोडीच्या दिवसांत दोन दिवसांआड बोनेट उघडून पाहावे. आठ-दहा दिवस गाडी जागची हलणार नसेल तर बॅटरीची काळी वायर सोडून ठेवावी. सोडताना काळी आधी आणि जोडताना काळी शेवटी. उलट केले आणि लाल टोक सोडताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर शॉर्ट होतो.

काही दोष मात्र मालकाने केलेले नसतात, ते कारखान्यातूनच आलेले असतात. जानेवारी २०१० मध्ये होंडा कंपनीने जगभरात सहा लाखांवर गाड्या एका बटनासाठी परत बोलावल्या. ड्रायव्हरच्या दारावरचे काच खाली-वर करायचे मुख्य बटन. उघड्या काचेतून पावसाचे पाणी त्यात शिरले तर आत शॉर्ट होऊन आग लागू शकते, असे आढळले होते. आपल्या देशात त्या वेळी २००७ सालच्या ८,५३२ सिटी गाड्या या यादीत होत्या, आणि २०११ मध्ये त्याच बटनासाठी आणखी गाड्या बोलावल्या गेल्या. पहिल्या मालकाला पत्र गेले असेल. त्याने ते फाडून टाकले असेल आणि गाडी विकली असेल. तिसऱ्या हाताच्या मालकाला याचा पत्ता कुठून लागणार? पण अशी दुरुस्ती त्या मालकाच्या नव्हे, चॅसिस नंबरच्या नावावर असते. म्हणून विसार देण्यापूर्वी आर. सी. बुकावरचा चॅसिस नंबर त्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला कळवून 'या गाडीचे परत बोलावण्याचे काही काम बाकी आहे का' असे विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत, आणि अशी दुरुस्ती कंपनी फुकट करून देते. १ एप्रिल २०२१ पासून सदोष गाड्या परत बोलावण्याचे नियम कायद्याने लागू झाले आहेत. ते सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना लागू आहेत, हे जुनी गाडी घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

पेट्रोल, गॅस आणि ठिणगी

ठिणगी एकटी फारसे काही करत नाही, तिला खाद्य लागते. मारुती ८०० गाडी १९८३ ते २०१४ अशी तीस वर्षे निघाली, आणि तिची जुनी कार्बोरेटरची पिढी अजूनही वाड्या-वस्त्यांवर भेटते. अशा गाडीत इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या वाळून चिरतात. इथे आपल्या घरचा एक विषय सांगितला पाहिजे, लपवून उपयोग नाही. आपल्या उसापासून बनलेले इथेनॉल आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. ते आपल्या फायद्याचे आहे आणि देशाच्याही. परंतु २० टक्क्यांना चालतील असे रबर व इतर भाग घालून गाड्या बनू लागल्या त्या एप्रिल २०२३ पासून. त्याआधीच्या, आणि विशेषतः पंधरा-वीस वर्षांच्या गाड्यांचे रबर या मिश्रणाला लवकर दाद देऊ शकते. उपाय अवघड नाही. गाडी घेतल्याबरोबर पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आणि क्लिपा नव्या आणि चांगल्या प्रतीच्या घालाव्यात. बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी काढूच नये.

गॅसच्या गाडीबद्दल आम्हाला थोडे कडक बोलायचे आहे. ओम्नी गाडी २०१९ मध्ये बनायची बंद झाली, पण आपल्या भागातल्या रस्त्यांवर अजून दिसते, आणि तिच्यात सीटखाली घरचा स्वयंपाकाचा सिलिंडर लावलेला असतो, हे सगळ्यांना माहीत असलेले गुपित आहे. हा कायद्याने गुन्हा तर आहेच. पण तो गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की गाडीच्या तळाशी साचतो, आणि तिथेच सीटखालून वायरी गेलेल्या असतात. अशा गाडीतून शाळेची पोरे नेणाऱ्याला काय म्हणावे? सी.एन.जी.ची गाडी घेत असाल तर किट आर. सी. बुकात नोंदलेले आहे का, आणि टाकीची दर तीन वर्षांनी करायची पाण्याच्या दाबाची चाचणी झालेली आहे का, हे टाकीवरची पट्टी आणि दाखला पाहून ठरवावे. किट बसवताना मूळ वायरी सोलून केलेले जोड हेही तपासण्याचे ठिकाण आहे.

प्रत्यक्ष परीक्षा

गाडी पाहायला जाताना मेकॅनिकबरोबर एक वायरमनही न्यावा, आणि दोनशे-तीनशे रुपयांचा साधा मीटर बरोबर असावा. आपल्याकडे मोटर रिवाइंडिंगवाल्याकडेही तो असतो. इंजिन बंद असताना चांगल्या भरलेल्या बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. इंजिन चालू केल्यावर साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवा. पंधराच्या वर गेला तर डायनामोचा ताबा सुटलेला आहे, बॅटरी उकळून वायू सोडेल. इंजिन चालू करूनही साडेबाराच्या खालीच राहिला तर डायनामो भरत नाही.

मग खरी परीक्षा. इंजिन चालू ठेवून मोठे दिवे, पंखा, मागची काच तापवायची सोय असेल तर तीही, असे सगळे लावा आणि पंधरा मिनिटे थांबा. विकणारा घाई करील, तुम्ही चहा मागवा. नंतर सगळे बंद करून इंजिनही थांबवा आणि फ्यूजच्या पेटीला, स्टिअरिंगखालच्या जोडांना, दिव्यामागच्या होल्डरला आणि बॅटरीच्या टोकांना हात लावून पाहा. कोमट लागले तर ठीक. हात ठेववत नाही असे एखादे ठिकाण असेल तर दोष तिथे आहे. बॅटरी जागच्या जागी पट्टीने आवळलेली आहे का पाहा. कित्येक जुन्या गाड्यांत मापापेक्षा मोठी बॅटरी दोरीने बांधलेली असते आणि खड्ड्यात उडाली की लाल टोक बोनेटच्या पत्र्याला भिडते. लाल टोकावर टोपण हवेच. बॅटरीपासून सेल्फकडे जाणारी जाड वायर अनेक जुन्या गाड्यांत फ्यूजशिवाय असते, म्हणून ती कुठे इंजिनाला किंवा पत्र्याला घासते का हे बॅटरी लावून नीट पाहावे.

दोष सापडले म्हणून गाडी सोडलीच पाहिजे असे नाही. पुराची गाडी सोडून द्या. बाकीच्या बाबतीत, बाहेरून जोडलेल्या सगळ्या वायरी काढून टाकून हव्या तेवढ्याच रिले आणि फ्यूज घालून पुन्हा जोडून घेणे हे एका चांगल्या वायरमनचे दिवसभराचे काम असते. ती मजुरी गाडीच्या किमतीतून वजा करून मागावी. विकणाऱ्याला वायरिंग दाखवून बोललात तर तोही फार ताणत नाही, असा अनुभव आहे.

चालत्या गाडीत करपट वास किंवा धूर आला तर लगेच कडेला घ्यावी, चावी बंद करावी आणि सगळ्यांना आधी उतरवून दूर न्यावे. मागच्या दारांची मुलांसाठीची खटकी लावलेली असते हे विसरू नये, बाहेरून उघडावे लागते. बोनेटमधून धूर येत असेल तर ते सताड उघडू नये. हवा मिळून भडका होतो. आतली खिट्टी ओढून बोटभर फट ठेवावी आणि त्या फटीतून पावडरच्या अग्निशामकाचा फवारा मारावा. एक किलोचा अग्निशामक ड्रायव्हरच्या सीटखाली घट्ट बसवावा. डिकीत सामानाखाली ठेवलेला वेळेला हाताशी येत नाही. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये. ज्वाला वाढल्या तर गाडीचा मोह सोडावा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा.

राहता राहिले विम्याचे. व्यवहार झाल्यावर चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे आपल्या नावावर विमा करण्याचा लेखी अर्ज द्यावा. गाडी नावावर झाली की दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा कायद्याने आपोआप आपल्याकडे येतो, पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही. आणि जुन्या गाडीचा विमा बहुधा 'थर्ड पार्टी' एवढाच उतरवलेला असतो. त्यात आपली गाडी दारात जळून कोळसा झाली तरी एक रुपया मिळत नाही. पॉलिसीचा कागद हातात घेऊन ती पूर्ण विम्याची आहे का हे वाचून पाहावे, आणि सी.एन.जी. किट असल्यास त्याचा उल्लेख पॉलिसीत आहे का तेही पाहावे.